मेक्सिकोतील जुनी नगरे आणि चौकातले बिऱ्हाड

परदेशी जाणारा मनुष्य पाहावयाच्या स्थळांची यादी मोठ्या काळजीने करतो. उतरावयाच्या जागेचा प्रश्न मात्र तो केवळ सोयीचा मानतो. मेक्सिकोतील ऐतिहासिक नगरांच्या बाबतीत असे करून भागत नाही. आपण कोणाच्या घरी उतरतो, यावर ते नगर आपल्याला किती उमगते, हे अवलंबून असते.

ग्वानाह्वातो हे नगर चांदीच्या खाणींवर उभे राहिले. अरुंद दरीत वसलेली त्याची रंगीत घरे पायऱ्यापायऱ्यांच्या बोळांनी जोडलेली आहेत. एकेकाळी गावाखालून जेथे नदी वाहत होती, तेथील बोगद्यांतून आज मोटारी धावतात. १८१० साली स्वातंत्र्ययुद्धातील पहिली मोठी लढत येथील धान्याच्या कोठारापाशी झाली. १५३१ साली वसविलेले प्वेब्ला तालावेरा नावाच्या चकचकीत चित्रमय फरश्यांनी नटलेले आहे. तर वाहाका येथील जुन्या इमारती हिरवट दगडाच्या असून जवळच्या टेकडीवर मोन्ते आल्बान या प्राचीन झापोतेक राजधानीचे अवशेष आहेत. ही तिन्ही नगरे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

मात्र या नगरांचे जीवन रस्त्यावरून पुरतेपणी दिसत नाही. जुन्या घराची बाहेरची बाजू म्हणजे सपाट भिंत व एक भक्कम दरवाजा. आत शिरल्यावर उघडा चौक, क्वचित कारंजे, फुलझाडांच्या कुंड्या आणि सभोवार खोल्या. आपल्या वाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथे या चौकाला ‘पातिओ’ म्हणतात. अशा घरातील पाच-सात खोल्यांचे अतिथिगृह म्हणजे ‘पोसादा’.

पोसादा निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. ती जुन्या वस्तीतच असावी आणि मालक शक्यतो तेथेच राहणारा असावा. पैसे देण्यापूर्वी खोली पाहावी. रस्त्याकडील खोलीला झरोका मिळतो, पण चर्चच्या घंटा व रात्रीची वर्दळही मिळते. शांत झोप हवी असल्यास चौकाकडील खोली मागावी. ग्वानाह्वातो सुमारे दोन हजार मीटर उंचीवर असल्याने रात्री गारवा असतो. गरम पाणी व पांघरुणाची चौकशी करावी. पिण्यास बाटलीतले पाणीच घ्यावे. ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह, तसेच वाहाकात नोव्हेंबरच्या प्रारंभीचा पितृस्मरणाचा सण, या काळात खोल्या फार आधी ठरवाव्या लागतात.

शाकाहारी कुटुंबाला लहान घराचा आणखी एक लाभ होतो. शिजवलेल्या घेवड्यात तेथे पुष्कळदा डुकराची चरबी घालतात. ती वगळा, असे घरमालकिणीला आदल्या दिवशी सांगता येते. चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याची भाकरी, म्हणजे तोर्तिया, तव्यावरून ताटात येते. तिच्यासोबतची मिरची तर मूळची याच भूमीची; पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यास उतरली आणि आपल्या स्वयंपाकघराची झाली.

पर्यटन वाढले की जुन्या घरांना मोठी किंमत येते. कुटुंबे घर विकून गावाबाहेर जातात, भाडी वाढतात आणि दुरुस्त केलेल्या देखण्या वाड्यात कोणीच राहत नाही. ज्या घरात आजी, नातवंडे आणि पाहुणे एकाच चौकात वावरतात, तेथे दिलेले भाडे त्या कुटुंबाला तेथेच राहण्यास साहाय्य करते. तेथे खोली थोडी साधी असेल, न्याहरीस थोडा उशीर होईल. परंतु नगर पाहण्यास गेलेल्या मनुष्याला नागरिक भेटतील.