गेमिंग पीसी घेताय? पैसे देण्याआधी कोटेशन नीट वाचा

"अब्बू, सगळे मित्र खेळतात, मला पण गेमिंग पीसी पाहिजे." दहावी-बारावीचा निकाल लागला किंवा ईद जवळ आली की हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. अब्बूंना त्यातलं फारसं कळत नाही, मुलाला व्हिडिओ बघून अर्धंमुर्धं कळतं, आणि बाकीचं दुकानदार सांगेल ते.

आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. मुलाने दोन-तीन वर्षांची ईदी साठवून १४ हजार जमवले होते, अब्बूंनी त्यात १० हजार घातले. बाजारातून 'आय७ गेमिंग पीसी' घरी आला. काचेची कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे. सगळं घर बघायला जमलं. व्हॅलोरंट उघडायला गेले तर गेम सुरूच होईना. तपासल्यावर कळलं की आतला प्रोसेसर आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा. त्यावर विंडोज ११ कशीबशी चढवलेली. विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालायला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, आणि ती त्या जुन्या मदरबोर्डावर नव्हतीच. परत गेल्यावर दुकानदार म्हणाला, "आय७ सांगितला होता, आय७च दिला."

तो खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त अर्धंच सांगितलं होतं. कमी बजेटमध्ये पैसा बुडतो तो असाच, अर्धवट नावात. म्हणून पार्ट निवडताना पहिली गोष्ट ही: दुकानदाराकडून प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नंबरासह कोटेशन लिहून घ्या, ते घरी आणा आणि मुलासोबत बसून वाचा. ते कसं वाचायचं, ते इथे सांगतो.

या लेखात मुद्दाम पार्टचे भाव दिलेले नाहीत. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव एकदम भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढली. महिन्यापूर्वीचा भाव आज उपयोगाचा राहत नाही. त्यापेक्षा पैसा कुठे किती घालायचा हे समजून घेतलेलं बरं.

आधी गेम ठरवा, मग मॉनिटर

दुकानात जाण्याआधी मुलाला विचारा, नेमके कोणते गेम खेळणार? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ यांना फार ताकद लागत नाही. नवे मोठे गेम मात्र चांगलं ग्राफिक्स कार्ड मागतात.

मॉनिटर घरात कोणता आहे तेही बघा. साधा फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २१ लाख ठिपके. ४के पडद्यावर तेच ८३ लाख होतात. प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला साठ-साठ वेळा रंगवायचा असतो. म्हणजे जास्त ठिपक्यांचा पडदा घेतला की कार्डही महाग घ्यावं लागतं. कमी बजेटला फुल एचडीच बरा.

शंभर रुपयांचा हिशोब

मॉनिटर, कीबोर्ड, माउस सोडून फक्त डब्यासाठी १०० रुपये आहेत असं धरा. ढोबळ वाटणी अशी:

- ग्राफिक्स कार्ड: ३५ ते ४०
- प्रोसेसर: १५ ते १८
- मदरबोर्ड: १० ते १२
- रॅम: १० ते १५
- एसएसडी: ८ ते १०
- एसएमपीएस: ७ ते ८
- कॅबिनेट: ५ ते ६

कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि दिव्यांवर एसएमपीएसपेक्षा दुप्पट खर्च दिसला, किंवा प्रोसेसर कार्डापेक्षा महाग दिसला, तर समजा की गणित उलटं झालंय. गेममध्ये बहुतेक काम ग्राफिक्स कार्ड करतं.

प्रोसेसर: आय३, आय५, आय७ पुरेसं नाही

'आय७' हे नाव २००८ पासून चालू आहे. त्यापुढचा आकडा पिढी सांगतो. आय७-३७७० तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. आय३-१२१०० बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड, पण नवा आय३ जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून 'स्वस्तात आय७' दिसला की पहिला प्रश्न, कितव्या पिढीचा?

आकड्यानंतरचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. 'कार्ड नंतर घेऊ' म्हणून असा प्रोसेसर घेतला तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चंही तसंच. रायझन ५ ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स आतच असतं.

दोन रस्ते

बजेट अगदी कमी असेल तर पहिला रस्ता: रायझन ५ ५६००जी, ८-८ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी आणि चांगला एसएमपीएस. आत्ता कार्ड घेऊच नका. व्हॅलोरंटसारखे गेम कमी सेटिंगवर छान चालतात, जीटीए ५ सुद्धा चालतो. कॉलेजचं काम, कोडिंग, ऑटोकॅड, सगळं होतं. पुढे पैसे जमले की त्याच डब्यात कार्ड बसवायचं.

थोडे जास्त पैसे असतील तर दुसरा रस्ता: रायझन ५ ५६०० किंवा आय३-१२१००एफ, आणि त्यासोबत आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०५० च्या दर्जाचं ८ जीबीचं कार्ड. फुल एचडीवर बरेचसे गेम त्यावर नीट चालतात. दोघांत बहुतेक गेममध्ये आरएक्स ६६०० पुढे असतं, म्हणून भाव जवळपास सारखा असेल तर तेच घ्या.

सगळ्यात वाईट म्हणजे मधला रस्ता: घाईत घेतलेलं एखादं कमजोर कार्ड. ते वर्षभरात अपुरं पडतं आणि विकायला गेलं की काही येत नाही.

कार्डाच्या नावातला फरक

इथे सर्वात जास्त फसवणूक होते, कारण एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात.

आरटीएक्स ३०५० हे २०२२ चं कार्ड ८ जीबीचं. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं. फरक फक्त मेमरीचा नाही, आतले कोअरही कमी आहेत आणि वेगही कमी आहे. जीटी १०३० चंही तसंच: डीडीआर४ वालं कार्ड जीडीडीआर५ वाल्यापेक्षा खूपच मंद. आरएक्स ५८० घेताना '२०४८एसपी' लिहिलंय का बघा, असेल तर ते मूळ ५८० पेक्षा कमी ताकदीचं आहे.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर चालू मशीनवर बघूनच घ्या. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर कार्डाची खरी ओळख दाखवतं. मग अर्धा तास मोठा गेम चालवून बघा. स्क्रीनवर ठिपके-रेषा आल्या किंवा मशीन बंद पडलं तर नको म्हणा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा महिनोन्महिने रात्रंदिवस चाललेली अनेक कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगचं प्रत्येक कार्ड खराबच असतं असं नाही, पण न तपासता घेऊ नये.

रॅम आणि एसएसडी

१६ जीबी रॅम घ्यायची तर एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हा प्रोसेसरला मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद मिळतो. ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण त्याचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी वापरतं.

मदरबोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते विचारा. दोन्हींची रॅम एकमेकांत बसत नाही. बाराव्या पिढीच्या इंटेलसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून इथे चूक सहज होते.

विंडोज एसएसडीवरच हवी. आजकाल एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो, तेव्हा २५० जीबी लगेच भरेल. निदान ५०० जीबी घ्या, जमलं तर १ टीबी.

एसएमपीएसवर कंजुसी नको

कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणारा एसएमपीएस सर्वात महाग पडू शकतो. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी तेवढी वीज तो देईलच असं नाही, आणि जळताना कधी कधी बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. आरएक्स ६६०० जास्तीत जास्त १३२ वॅट घेतं, प्रोसेसर आणि बाकी सगळं मिळून १२५ च्या आसपास. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा, तीन ते पाच वर्षांच्या वॉरंटीचा ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ७५० वॅटची गरज नाही. कार्डाला लागणारी ८ पिनची केबल त्यात आहे ना, एवढं बघा.

आपल्या गावाकडे लाइट जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं. तिथे यूपीएस घ्या, पण ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो हे लक्षात ठेवा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

बिल, वॉरंटी आणि हप्ता

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या शहरातलं दुकान, "बिल नको असेल तर कमी करून देतो" ही ऑफर येतेच. घेऊ नका. पार्ट बिघडला की सिरीयल नंबर आणि बिल हेच तुमचं हत्यार. जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि शक्यतो सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदाराने बिलाप्रमाणे माल दिला नाही आणि ऐकतही नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

दुबई-सौदीहून मामू किंवा चाचा कार्ड आणणार असतील तर आधी वॉरंटी विचारा. बऱ्याच वेळा ती त्या देशापुरतीच असते. दोन पैसे वाचवायला जाऊन बिघडलेलं कार्ड परत तिकडे पाठवायची वेळ येऊ नये.

आणि हप्त्याबद्दल. व्याज टाळणारी घरं 'नो कॉस्ट ईएमआय' बघून निर्धास्त होतात. प्रत्यक्षात क्रेडिट कार्डाच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो म्हणून किंमत सारखी दिसते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीही. म्हणजे कागदावर व्याज आहे आणि खर्चही आहे. त्यापेक्षा वरचा पहिला रस्ता बरा: आत्ता खिशात आहे तेवढ्याचं घ्या, कार्ड पुढच्या वर्षी.

कोटेशन हातात घेतल्यावर

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. प्रोसेसर कितव्या पिढीचा, आणि त्यात ग्राफिक्स आहे का?
२. कार्डाचं पूर्ण नाव काय, मेमरी किती आणि कोणती?
३. रॅमच्या पट्ट्या दोन आहेत का, आणि बोर्डाला जुळतात का?
४. एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वर्षांच्या वॉरंटीचा?
५. प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल मिळणार का?

एकाही प्रश्नाला "अरे भाई, टेन्शन नको, मस्त चालेल" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

ओळखीच्या त्या मुलाने जुना डबा मिळेल त्या भावात विकला. या वेळी तो अब्बूंना घेऊन तीन दुकानांत फिरला, तीन कोटेशनं आणली आणि चटईवर पसरून दोघांनी एकेक ओळ तपासली. ५६००जी वाला पीसी आला. दिवे नाहीत, काच नाही. व्हॅलोरंट चालतो, धाकट्या बहिणीचा अभ्यासही त्यावरच होतो. कार्डाचा स्लॉट अजून रिकामा आहे. पुढच्या ईदीची वाट बघतोय.