ईसीएम गेला, असे म्हणण्यापूर्वी

आपल्यापैकी अनेकांच्या दारात पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेली एखादी मोटार अजून उभी असते. मुलाने नवी गाडी घेतली तरी दुकानाच्या फेऱ्या, मार्केट यार्डातील चक्कर, पाहुण्यांना पहाटे स्टेशनवरून आणणे ही कामे तिच्याकडेच असतात. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, टायर गेल्याच वर्षी बदललेले. आणि एके दिवशी ती आचके देऊ लागते किंवा भररस्त्यात बंद पडते. दोन दिवसांनी गॅरेजमधून निरोप येतो, ‘ईसीएम गेला.’ निरोपासोबत जो आकडा येतो, तो कधी कधी गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जाणारा असतो. मग घरात दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. वडील म्हणतात, गाडीने कधी दगा दिला नाही, खर्च करू.

या वादात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. ईसीएम गेला, हे ठरवले कशावरून? बँकेत एखादे कर्जखाते बुडीत म्हणून लिहायचे तर अधिकाऱ्याला त्यामागची कारणे क्रमाने कागदावर मांडावी लागत. ‘वसुली होत नाही’ एवढ्या एका वाक्यावर वरिष्ठ सही करीत नसत. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ‘गाडी सुरू होत नाही, म्हणून ईसीएम गेला’ हे विधान विनातक्रार स्वीकारतो आणि पैसे मोजतो.

ईसीएम म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये दिल्ली परिसरातील नव्या मोटारींसाठी युरो मानकांची मुदत घालून दिली आणि १ एप्रिल २००० पासून पहिल्या टप्प्याची मानके देशभर लागू झाली. त्यानंतर कार्बोरेटर झपाट्याने मागे पडला आणि ‘एमपीएफआय’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत रूढ झाली. क्रँकशाफ्ट कोणत्या स्थितीत आहे, हवा किती आत आली, इंजिनाचे पाणी किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, धुरात ऑक्सिजन किती उरला, या वार्ता निरनिराळे सेन्सर पाठवतात. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे ईसीएम ठरवतो. त्याच्यात हलणारा, झिजणारा भाग जवळजवळ नसतो. म्हणूनच जुन्या गाडीत रिले, सेन्सर, पेट्रोलचा पंप, तारा आणि त्यांचे जोड त्याच्या पुष्कळ आधी थकतात.

तपासाची सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून करावी. किल्ली ‘ऑन’वर फिरवली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर बहुधा ईसीएमपर्यंत वीज पोहोचत नाही, कधी बल्बच गेलेला असतो, आणि क्वचित ईसीएम खरोखर बंद पडलेला असतो. या तीन शक्यतांपैकी तिसरीच आधी धरण्याचे काही कारण नाही. फ्यूज आणि मेन रिले पाहण्यास दहा मिनिटे लागतात.

पुढचा टप्पा बॅटरीचा. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर कित्येक ईसीएम त्या क्षणी गोंधळतात. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. फार वर गेला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलेला आहे आणि तो आज ना उद्या सगळी इलेक्ट्रॉनिक्स जाळणार आहे.

अर्थिंगबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते. ईसीएमच्या ऋण तारा इंजिनाला किंवा बॉडीला बोल्टने जोडलेल्या असतात. वीस पावसाळे काढलेल्या गाडीत त्या बोल्टखाली गंज धरतो. वरून पाहावे तर तार घट्ट आणि स्वच्छ दिसते. तिची परीक्षा मल्टिमीटरने करायची: एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरे ईसीएमच्या अर्थ तारेवर, आणि सेल्फ मारताना वाचन घ्यायचे. ते साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असावे. अर्धा किंवा एक व्होल्ट आला तर बोल्ट सोडून जागा कानशीने घासून पुन्हा आवळावी. ईसीएमवर संशय घेण्याआधी एवढे तरी झालेच पाहिजे. नुसता दिवा लावून ‘अर्थ आहे’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनवर विसंबू नये; दिव्याला थोडा प्रवाहही पुरतो.

तिसरा चकवा पाच व्होल्टचा. ईसीएम अनेक सेन्सरना स्वतःकडून पाच व्होल्टचा पुरवठा करतो. त्यांपैकी एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची तार इंजिनाला घासून सोलली, की सगळा पुरवठा कोसळतो आणि ईसीएम मेल्यासारखा वागतो. एकेका सेन्सरचा कनेक्टर काढून पाहावा. ज्याचा कनेक्टर काढताच पाच व्होल्ट परत येतात, दोष त्याचा किंवा त्याच्या तारेचा. तसेच, गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने निवल्यावर सुरू होते, या तक्रारीत पहिला संशय क्रँकशाफ्टच्या सेन्सरवर घ्यावा.

स्कॅनर बोलत नाही, हाही पुरावा पुरेसा नसतो. भारतात गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची ओबीडी पद्धत २०१० पासून पहिल्या टप्प्यात आणि २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट असले तरी त्यांची भाषा कंपनीची स्वतःची असते. मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर त्यांच्याशी संवाद साधू शकत नाही. काही जुन्या गाड्यांत इंजिनाचा दिवाच लुकलुकून दोषाचा आकडा सांगतो. सुझुकीच्या जुन्या पद्धतीत १२ हा आकडा म्हणजे ‘दोष नाही’. आणि स्कॅनरवर पी ०३३५ आला म्हणजे सेन्सरच गेला असेही नव्हे. त्या मार्गावर कुठेतरी अडथळा आहे, एवढेच तो सांगतो. ईसीएमच्या अंतर्गत दोषाचे पी ०६०१ किंवा पी ०६०६ असे आकडे निराळे असतात. तेही वीज आणि अर्थ तपासल्यानंतरच खरे मानावेत.

सांगलीतील परिचयाच्या एका धान्य-व्यापाऱ्यांच्या २००३ च्या गाडीचे उदाहरण यासाठी सांगण्यासारखे आहे. गाडी दोन सिलिंडरवर चालू लागली. एका गॅरेजने प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या, मग ईसीएम गेल्याचे सांगून नऊ हजारांत जुना ईसीएम आणून बसवला. गाडी सुरेख चालली. तीन आठवड्यांनी तेच दोन सिलिंडर पुन्हा बंद! आता दुसरा ईसीएम आणायचा की गाडी विकायची, असा खल सुरू असताना बाजारातील एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनने जुने दोन्ही ईसीएम मागवून उघडले. दोन्हींत एकच ट्रान्झिस्टर जळालेला. तो म्हणाला, “अण्णा, ईसीएम मेला नाही, मारलाय. मारणारा अजून इंजिनावरच बसलाय.”

त्या गाडीत एक इग्निशन कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते आणि कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर ईसीएमच्या पोटात असतो. कॉइलचे वेटोळे आतून शॉर्ट झाले होते. थंड असताना तिचा रोध मापात येई, तापल्यावर निम्म्याखाली घसरे. प्रत्येक फेरीत ट्रान्झिस्टरवर दुप्पट भार पडे. कॉइल बदलली, मूळ ईसीएममध्ये नवा ट्रान्झिस्टर बसवला आणि गाडी आजही यार्डात जाते. आधीचे नऊ हजार मात्र खर्ची पडले ते पडलेच. ईसीएम खरोखर गेला असला तरी तो कशाने गेला हे सापडेपर्यंत नवा बसवू नये, तो यासाठी.

खरोखर जाण्याची कारणे तशी ठराविक आहेत. जम्प स्टार्ट करताना केबल उलट लागणे, बॅटरी न सोडता बॉडीला वेल्डिंग करणे, बोर्डावरील कॅपॅसिटर वयोमानाने पाझरणे, टाक्यांना केसासारख्या चिरा पडणे, आणि पाणी. अनेक गाड्यांत ईसीएम डॅशबोर्डखाली, बसणाऱ्याच्या पायांजवळ असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर ‘चालते का पाहू’ म्हणून किल्ली फिरवणे सर्वात घातक. ओल्या बोर्डावर वीज आली की तांब्याच्या रेषा काही वेळात खाल्ल्या जातात. आधी बॅटरी सोडावी, ईसीएम बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावा. अशा गाडीचा ईसीएम बऱ्याचदा वाचतो.

दोष निश्चित झाला की तीन वाटा उरतात. कॅपॅसिटर, ट्रान्झिस्टर, टाके एवढेच बिघडले असतील तर बोर्डाची दुरुस्ती सर्वात शहाणपणाची. किल्लीची ओळख आणि आतील माहिती जशीच्या तशी राहते. प्रोसेसर गेला असेल किंवा बोर्ड रेझिनने बंद केलेला असेल तर ती वाट बहुधा बंद होते. दुसरी वाट कुर्ल्यासारख्या जुन्या भागांच्या बाजाराची. तिथे खोके दिसायला सारखे असून भागत नाही. लेबलवरील क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या, पण वेगळ्या वर्षाच्या गाडीचा ईसीएम कनेक्टरमध्ये बसतो आणि इंजिन चुकीच्या हिशोबाने चालवतो. शिवाय इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीतील चिप आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. परक्या गाडीचा ईसीएम ती किल्ली स्वीकारत नाही. अशा वेळी जुन्या ईसीएमच्या मेमरीतील माहिती त्यात उतरवावी लागते, किंवा ईसीएम, इमोबिलायझर आणि किल्ली हा संच एकत्र घ्यावा लागतो. तिसरी वाट नव्या ईसीएमची. पंधरा वर्षांची नोंदणी संपून पाच वर्षांचे नूतनीकरण करायचे असेल तेव्हा या खर्चाचा विचार नूतनीकरणाचे शुल्क, हरित कर आणि तपासणी यांच्यासह एकत्र करावा. गाडी ठेवायची की नाही याचे उत्तर मग कागदावर दिसते.

बसवताना बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी काढावे आणि बोर्डाला हात लावण्यापूर्वी गाडीच्या धातूला स्पर्श करावा. कनेक्टरच्या पिना वाकलेल्या किंवा हिरवट झालेल्या नाहीत ना, हे उजेडात पाहावे. बिलावर बसवलेल्या भागाचा क्रमांक, वॉरंटीचा काळ आणि दोष कशाने झाला याची एक ओळ लिहून घ्यावी. जो गॅरेजवाला ती ओळ लिहिण्यास कचरतो, त्याला दोष सापडलेला नसतो. नव्या ईसीएमला रिकाम्या वेगाचे माप शिकण्यास थोडा वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशी इंजिन किंचित अस्थिर वाटले तर घाबरू नये. पूर्ण पैसे देण्याआधी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, तापल्यावर दोन-तीनदा बंद-सुरू करून, दोषांचे आकडे पुन्हा वाचून घ्यावेत आणि पीयूसी करून घ्यावे. जुना ईसीएम गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. किल्लीची ओळख त्याच्यातच असते. नव्याची वॉरंटी संपेपर्यंत तो कागदात गुंडाळून कपाटात असू द्यावा.