नाथसागरावरचे सुरय

सुरय हा कुरवाच्या कुळातला पक्षी; पण अंगाने सडपातळ, पंख लांब आणि टोकदार, शेपूट बहुधा दुभंगलेली. अहिल्यानगर जिल्ह्यात तो पाहायचा तर नेवासे आणि शेवगाव तालुक्यांना भिडलेला जायकवाडीचा फुगवटा, म्हणजेच नाथसागर, गाठावा.

नदी सुरय हा इथला बारमाही रहिवासी. पिवळी धमक चोच, आखूड तांबडे पाय आणि विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी. चोच खाली रोखून तो पाण्यावर येरझाऱ्या घालतो. मासा दिसला की क्षणभर जागच्या जागी फडफडतो, पंख आवळतो आणि सूर मारतो. मासा डोक्याकडूनच गिळायचा, म्हणजे काटे घशात अडकत नाहीत. विणीच्या काळात मात्र नर हाच घास मादीला नेऊन भरवतो.

हिवाळ्यात येणाऱ्या कल्लेदार सुरयाची रीत निराळी. तो सहसा बुडी मारत नाही. उडता उडता पाण्यावरचे किडे आणि बारीक मासळी अलगद टिपतो. जाड काळ्या चोचीचा त्याचा भाऊबंद तर चिखलावर आणि शेतांवरही फिरतो. किडे, खेकडे, सरडे असे मिळेल ते खातो.

नदी सुरयाची खरी परीक्षा मार्च ते मे या महिन्यांत असते. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या बेटांवर तो वाळूत नुसता उथळ खळगा करतो. काडी नाही, गवत नाही. त्यात ठिपक्याठिपक्यांची दोन-तीन अंडी. वाळूत ती इतकी मिसळून जातात की पायाखाली आली तरी कळू नयेत. भर उन्हात ही अंडी उबवण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरण्याचेच काम मोठे असते. पिल्लेही वाळूच्या रंगाची. आईबापांनी इशारा दिला की जमिनीला चिकटून निपचित पडतात.

ही युक्ती घारीपुढे चालते, ट्रॅक्टरपुढे नाही. नदीतला वाळूउपसा विणीची जागाच नेतो. पाणी फार ओसरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री थेट घरट्यांपर्यंत पोचतात. गाळपेराची नांगरटही याच मोसमातली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत नदी सुरय आता संकटग्रस्त जातींमध्ये मोडतो. पावसाळ्यापर्यंत या बेटांवर माणसे, जनावरे आणि वाहने नेऊ नयेत. पक्षी पाहायचे असतील तर काठावरून, दुर्बिणीतून पाहावेत.