अरागोची चकती

फॅरडेच्या लोखंडी कड्याची गोष्ट वाचकांना पाठच असेल. २९ ऑगस्ट १८३१, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन, कड्यावर तारेची दोन वेटोळी. एकाला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्याजवळची चुंबकसूची हलली. मधल्या वेळात ती जागची हलेना. नुसता प्रवाह असून भागत नाही, तो बदलावा लागतो. जिनिव्हाच्या कोलाडोंनी १८२५ मध्येच वेटोळ्यात चुंबक सारला होता. पण सूचीवर चुंबकाचा थेट परिणाम नको म्हणून प्रवाह दाखवणारा गॅल्व्हनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. तिथं पोचेपर्यंत सूची पुन्हा शांत झालेली! याच विषयावर काम केलेल्या जोसेफ हेन्री, नॉयमान, मॅक्सवेल यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय, म्हणून पुढं जातो.

माझा जीव जडलाय तो अरागोच्या चकतीवर. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा अरागोंना दिसलं की तांब्याजवळ झुलणारी चुंबकसूची लवकर थांबते; आणि खाली तांब्याची चकती गरगर फिरवली, तर वर टांगलेली सूची तिच्यामागोमाग फिरू लागते. तांब्याला तर चुंबक चिकटतही नाही. लंडनमध्ये बॅबेज आणि हर्शेल यांनी १८२५ मध्ये हाच प्रयोग पुढं नेला. चकतीला कडेपासून आत चिरा पाडल्यावर ओढ घटली. चिरा धातूनं भरल्यावर बरीचशी परत आली. तांब्यात उठणाऱ्या प्रवाहाची वाट तोडली की परिणाम मावळतो, हे तिथं उघड दिसत होतं. तरी विद्वान तांब्यात तात्पुरतं चुंबकत्व शोधत राहिले. २८ ऑक्टोबर १८३१ला फॅरडेनं रॉयल सोसायटीच्या थोरल्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली, एक तार आसाला, दुसरी कडेला. चकती फिरत होती तोवर गॅल्व्हनोमीटरची सूची सरकलेलीच राहिली. ते जगातलं पहिलं जनित्र.

क्रमिक पुस्तकं लिहिणारी काही मंडळी म्हणतात, चकती मुलांना जड जाते. आधी प्रवर्तनाचं सूत्र द्या, त्यातलं ऋण चिन्ह पाठ करून घ्या. मला हे कधीच पटलं नाही. ते ऋण चिन्ह म्हणजे लेंझनं १८३४ मध्ये मांडलेला विरोधाचा नियम: उठलेला प्रवाह त्याला उठवणाऱ्या बदलालाच विरोध करतो. अखंड धातूत तो थेट हाताला कळतो. मीटरभर लांब, जाड तांब्याची नळी उभी धरा आणि तिच्यात आत सैल बसेल असा निओडिमियमचा चुंबक सोडा. खडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पडतो. चुंबक मात्र सावकाश उतरतो आणि उतरत असताना त्याचा भार नळी धरलेल्या हाताला जाणवतो. भिंतींना न टेकताही! ज्या मुलानं तो भार पेलला, त्याला ऋण चिन्ह वेगळं शिकवावं लागत नाही.

हल्ली अनेक शाळांत गॅल्व्हनोमीटर कपाटात धूळ खातो आणि सूची पडद्यावर हलते. याचं मला फार वाईट वाटतं. घरातल्या जुन्या वीजमीटरात ॲल्युमिनियमची चकती फिरायची. दोन वेटोळी तिच्यात प्रवाह उठवून तिला फिरवत, कायम चुंबक तिला आवरून धरी. अरागोंचा प्रयोग दारामागं रात्रंदिवस चाललेला असे. आता तेही मीटर निघताहेत. वीज कंपन्यांनी ते भंगारात घालण्याआधी प्रत्येक शाळेला एकेक द्यावा, आणि शिक्षकांनी तो वीजजोडणीशिवाय, टेबलावर, मुलांकडूनच उघडवावा.