गाडीतला गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल उजाडला की तालुक्याच्या गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागते. तक्रार बहुधा एकच, एसी गार करत नाही. मेस्त्री बॉनेट उघडतो, एक नजर टाकतो आणि म्हणतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." दीड-दोन हजार रुपये जातात. गाडी थोडे दिवस बरी चालते, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पूर्वी हा शहरातल्या लोकांचा विषय होता. आता गावोगाव चारचाकी आल्या आहेत. त्याच गाडीतून मे महिन्यात बाळंतीण घरी आणायची असते, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असते. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना बंद पडलेला एसी ही चैनीची अडचण राहत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. घरातल्या फ्रिजचा गॅस पंधरा-पंधरा वर्षे तोच असतो. डेअरीवर दूध थंड करण्याच्या टाकीतही तोच गॅस फिरत राहतो. गाडीतही कंप्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी झिरपून वाळते आणि आतले गार होते, तत्त्व तेच. गाडी रस्त्यावर हादरते, तिचे पाईप रबरी असतात, त्यामुळे कित्येक वर्षांत थोडा गॅस झिरपतो हे खरे. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठे तरी भोक आहे. ते न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटातून पाणी सोडणे.

आणि पुष्कळदा गॅसचा दोषच नसतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या जीपमध्ये दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला गेला. तक्रार अशी, की गाडी पळताना गार करी आणि थांबली की गरम वारा सुरू. हे लक्षण फार बोलके आहे. पळताना वारा आपोआप जाळीवर येतो. थांबल्यावर तो पंख्याने ओढावा लागतो. पाहिले तर कंडेन्सर आणि रेडिएटर या दोन जाळ्यांच्या मध्ये हरभऱ्याचा भुसा गच्च बसला होता. मळणीच्या खळ्यावर गाडी उभी करण्याची सवय! जाळी धुतली, जीप गार करू लागली.

तेव्हा गॅरेज गाठण्याआधी घरी एवढे पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना पुढची जाळी साध्या नळाच्या पाण्याने धुवावी, जमल्यास इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, म्हणजे कचरा आला तसा निघतो. फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुण्याची आपल्याकडे हौस आहे. त्या जोराने जाळीच्या पातळ पत्र्या दुमडतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते, म्हणून तो मोह टाळावा. मग इंजिन चालू करून एसी लावावा आणि पुढचा पंखा फिरतो का ते पाहावे. तो आपोआप सुरू होतो, तेव्हा हात, पंचा, पदर, पोरेबाळे सारे लांब ठेवावे.

आत वाराच कमी येत असेल तर एसीचा फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, काही गाड्यांत नसतोही. आपल्या मातीच्या रस्त्यांवर तो एका हंगामात गोधडीसारखा जाड होतो. गाडी अर्धा तास गार करते, मग वारा मंदावतो, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत होते, असे असेल तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आहे. याचेही कारण अनेकदा हा फिल्टरच असतो. पायाखाली पाणी साचत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे. गाडीखाली पाणी ठिबकणे हे मात्र चांगले लक्षण आहे, त्याने घाबरू नये.

आता कंप्रेसर. बऱ्याच गाड्यांत एसी लावताच 'टक्' असा आवाज येतो आणि कंप्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. तो फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि पट्टा पाहावा. दोन्ही ठीक असतील तर गॅस फार कमी झाल्याचा संभव आहे. गॅस कमी झाला की एक स्विच कंप्रेसरला बंद ठेवतो, कारण कंप्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असते. काही मेस्त्री तार जोडून तो स्विच चुकवतात. तसे करू देऊ नये. कोरडा चाललेला कंप्रेसर जाम होतो, आणि मग हजारांत भागत नाही.

गळती शोधायला इंजिन बंद करून पाईपांचे सांधे पाहावेत. तेलकट डाग आणि त्यावर धुळीचा काळा थर दिसला की ती जागा संशयाची. तिथे साबणाचा फेस लावावा, बुडबुडे आले तर चोर सापडला. बारीक गळती याने सापडत नाही, तिला यंत्र किंवा चमकणारा रंग लागतो. ट्यूबच्या व्हॉल्वसारखी एक पिन पाईपवर असते, ती दाबून गॅस आहे की नाही हे पाहण्याचा उद्योग कोणीही करू नये. बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. तो बोटावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

घरीच गॅस भरता येतो का, असे तरुण मंडळी विचारतात. अमेरिकेत याचे छोटे डबे दुकानात मिळतात आणि लोक जाड पाईपाच्या, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूने भरतातही. पण एका मीटरवर गॅस किती आहे हे कळत नाही. घरचा सिलिंडर आठवा. तो अर्धा असला तरी शेगडीची आच तशीच असते, म्हणून गॅस वजनाने मोजावा लागतो. गाडीचेही तेच. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते, लहान गाड्यांना साधारण चार-पाचशे ग्रॅम. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. शिवाय पाईपांत शिरलेली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते, नाहीतर ओलीने आत आम्ल तयार होते. हे सामान घरी नसते. म्हणून तपासणी घरी आणि भरणे गॅरेजमध्ये, असे माझे मत आहे.

गॅरेजमध्येही समोर उभे राहून काम करून घ्यावे. जुना गॅस हवेत न सोडता यंत्रात काढून घ्यावा. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक हवा तापवतो, आणि अवेळी पावसाचा मार आपणच खातो. मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहावे, गळती दुरुस्त करावी, निदान अर्धा तास पंप चालवून पाईप कोरडे करावेत आणि काट्यावर मोजून गॅस भरावा. स्वस्तात पडते म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरू लागला तर गाडी तिथून काढावी. तो गळून बंद गाडीत साचला तर एक ठिणगी पुरे.

बिलावर किती ग्रॅम भरला आणि कोणता सांधा दुरुस्त केला हे तारखेसह लिहून घ्यावे. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे आतली रबरे तेलाने ओली राहतात.