सदाहरित रान आणि आपलं पाचट



जंगल म्हटलं की नागपूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पेंच-रामटेककडचं रान येतं. साग, ऐन, मोह, तेंदू. फाल्गुनापर्यंत पानं गळून पडतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सारं रान उघडं दिसतं. हे पानझडी जंगल. पण बारा महिने हिरवं राहणारं रानही आपल्याच राज्यात आहे. त्याचा आपल्या उसाशी जवळचा संबंध असल्यामुळे त्याची थोडी माहिती येथे देत आहोत.

नागपूरला वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीला तो ७,००० मिलिमीटरच्या आसपास जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. आंबोली, राधानगरी, चांदोली, कोयना या पट्ट्यात म्हणूनच सदाहरित व निमसदाहरित रानं टिकून आहेत. यांपैकी राधानगरी, चांदोली आणि कोयना यांचा २०१२ साली जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला.

विषुववृत्ताजवळच्या अ‍ॅमेझॉन, काँगो, न्यू गिनी येथील वर्षावनांत पाऊस जवळजवळ वर्षभर पडतो. आपल्याकडे तो चारच महिने. तरी सह्याद्रीतलं रान हिरवं राहतं, कारण दाट सावली, धुकं आणि पालापाचोळ्याचा थर ओल धरून ठेवतात.

या रानाची रचना मजल्यांची असते. वर उंच झाडांचं छत, खाली मध्यम झाडं, त्याखाली झुडपं. जमिनीवर सूर्यप्रकाश नावालाच पोचतो. जांभूळ, अंजनी, पिसा ही इथली नेहमीची झाडं. गारंबीचा वेल झाडांवर चढतो. त्याच्या शेंगा हातभराहून लांब. फांद्यांवर आमरी वाढते. पुष्कळ पानांना पिंपळपानासारखं लांब टोक असतं, त्यामुळे पाणी झटकन निथळून जातं.

प्राणीही तसेच. शेकरू हा आपला राज्यप्राणी झाडांच्या छतावरूनच फिरतो. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. तो फळं खातो, बिया दूरवर टाकतो आणि रान पेरत जातो. आंबोलीचा एक छोटा भेक २००९ साली शास्त्राला नव्याने कळला. तो त्याच परिसरात सापडतो. गांडुळासारखा दिसणारा पण पाठीचा कणा असलेला देवगांडूळही इथल्या ओल्या मातीत राहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. इतकं माजलेलं रान पाहून कोणालाही वाटेल, की खालची जमीन फार कसदार असणार. तसं नसतं. धो धो पावसाने वर्षावनातल्या जमिनीतली बरीचशी अन्नद्रव्ये धुऊन जातात. रानाचं भांडवल असतं झाडांत आणि पडलेल्या पाल्यात. पान पडलं की बुरशी, वाळवी, जिवाणू ते कुजवतात आणि वरवर पसरलेली मुळं ते अन्न लगेच उचलतात. रान तोडून जाळलं की राखेवर दोन-तीन पिकं चांगली येतात, मग वावर उतरतं.

जाडा गोड ऊस मुळात न्यू गिनीचा. त्याला उष्णता हवी आणि ओलही हवी. आपल्याकडे उष्णता भरपूर. ओल मात्र विहिरीने किंवा कालव्याने द्यावी लागते. असं असताना तोडणीनंतर आपण पाचट पेटवून देतो, म्हणजे ओल धरणारं पांघरूणच जाळतो.

हिशेब पाहा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यातून सुमारे ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश मिळतं. जाळल्यावर नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातं.

“पाचटाने पाणी अडते, उंदीर होतात,” असं काही सभासद म्हणतात. पाचट ढिगाने ठेवलं तर होणारच. ते सरीत सारखं पसरून दाबावं. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावं. पाणी सुरुवातीला सरीतून सावकाश सरकतं, पण पुढे दोन पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला की त्याचं मोल कळतं.

सबंध वावरात धीर होत नसेल, तर यंदा एक एकर खोडवा पाचट ठेवून करून पाहावा. शेजारी जाळलेला तुकडा असेल तर फरक आपल्याच डोळ्यांना दिसेल. वाळवीचा फार त्रास असलेल्या जमिनीत आधी गट ऑफिसला विचारावं. आम्ही वावरात येऊन पाहू. सह्याद्रीतल्या रानाला कोणी खताचं पोतं टाकत नाही. ते आपलं पडलेलं पान वाया जाऊ देत नाही. तेवढं तरी आपण त्याच्यापासून घ्यावं.

— ऊस विकास अधिकारी