धरण मालकाचे, मरण पायथ्याच्या माणसाचे

९ मे २०१८ ची रात्र. आफ्रिकेतील केनिया देशात, नाकुरू जिल्ह्यात सोलाई म्हणून एक भाग आहे. तेथील उंचावरच्या एका खासगी मळ्यात पिकांसाठी पाणी साठवणारे मातीचे धरण होते. अनेक आठवडे मुसळधार पाऊस चालू होता. त्या रात्री भराव फुटला आणि पाणी-चिखलाचा लोंढा खालच्या वस्त्यांवर कोसळला. किमान ४७ माणसे गेली. त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ होती.

नंतर तेथील जलखात्याने सांगितले, या धरणाला परवानाच नव्हता! एवढे समजायला इतकी प्रेते मोजावी लागली. जुलै २०१८ मध्ये नऊ जणांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारी पक्ष तयारीनिशी उभा राहिला नाही म्हणून सारे सुटले, आणि खटला पुन्हा पहिल्यापासून चालवण्याची पाळी आली.

वाचकहो, मातीचे धरण वाईट नसते. पण त्याची दोन पथ्ये आहेत. पहिले, पाणी भरावाच्या माथ्यावरून कधीच जाता कामा नये. जादा पाण्याला वाट म्हणून बाजूला सांडवा ठेवतात. जास्त पाणी साठावे म्हणून कोणी तो सांडवा बुजवला किंवा त्यावर फळ्या लावल्या, तर पाणी माथ्यावरून वाहते आणि पाहता पाहता माती कापून नेते. दुसरे पथ्य पाझराचे. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी झिरपणे चालते. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजावे. भरावावरची मोठी झाडे, घुशी-उंदरांची बिळे, माथ्यावरची लांब भेग, खचलेला उतार, हीदेखील त्याच आजाराची लक्षणे.

आपल्याकडे चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण सरकारी होते, तरी तेही मातीचेच. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक जीव गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हा एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला. खेकडे बिळे करतात हे खरे, पण बीळ बुजवण्याचे काम खेकड्याचे नव्हे!

पुढे २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही धरणांना लागू आहे, मग मालक कोणीही असो. त्याहून लहान बंधारा त्यातून सुटतो. म्हणजे कायदा आधी उंची विचारतो. पायथ्याशी किती चुली पेटतात, हा प्रश्न आमच्या मते पहिला असायला हवा होता.

वस्तीच्या वर असा बंधारा असेल, तर पावसाळ्यापूर्वी चार जणांनी मिळून तो पाहून यावा. भर पावसात पाणी गढूळ झिरपताना दिसले तर दुरुस्तीची वाट न पाहता आधी म्हाताऱ्यांना आणि मुलांना उंचावर न्यावे. एरवी ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले कचेरीत कोणाला आठवत नाही. अर्जावर तारीख घालावी, सर्वांच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि शिक्क्याची पोच हाती पडल्याशिवाय तेथून हलू नये.